एकटा मेकॅनिकल कंत्राटदार आणि लाइनमधल्या ओळखी: हातात नेमकं काय पडतं?

डक्ट_आणि_दमछाक

नमस्कार मंडळी. मी एचव्हीएसीची, म्हणजे एसी आणि हवा खेळवण्याच्या यंत्रणांची कामं घेतो, सोबत थोडंफार पाइपिंग. आधी एका मोठ्या कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर होतो, आता स्वतःचं आहे. स्वतःचं म्हणजे मी, दोन फिटर, एक हेल्पर आणि डक्टच्या कामाला लागतील तशी रोजंदारीवरची माणसं. कोटेशन मीच काढतो, मेजरमेंट मीच घेतो, बिलाच्या मागे मीच पळतो आणि रात्री एखाद्या क्लायंटचं युनिट ट्रिप झालं तर फोनही मलाच येतो.

जो तो सांगतो, ओळखी वाढव, आपल्या लाइनमधल्या लोकांत ऊठबस ठेव. म्हणून काही कार्यक्रमांना जाऊन आलो. कार्डं दिली-घेतली, एका कंप्रेसर कंपनीचं सादरीकरण ऐकलं, शेवटी सगळ्यांचा फोटो. नंतर मला कोणाचा फोन आला नाही, मीही कोणाला केला नाही. एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे, तिथे सकाळी सुप्रभात आणि दुपारी 'कोणाकडे आर्गन वेल्डर आहे का, अर्जंट'.

खरं सांगायचं तर मनात भीती आहे. लाइनमधले म्हणजे माझ्याच पोटावर पाय ठेवू शकणारे. दर सांगितला तर उद्या त्याच टेंडरला माझ्याखाली भरतील. माझा फिटर चांगला आहे म्हटलं तर त्यालाच फोडतील. बरं, आपण काही न सांगता नुसतं ऐकत बसायचं हेही शोभत नाही.

ज्यांनी हे खरोखर केलंय त्यांनी सांगा, पैशात किंवा कामात दिसेल असा उपयोग झाला का? नेमका कशात? 'नेटवर्किंग महत्त्वाचं असतं' एवढंच सांगायचं असेल तर ते मला रोज ऐकायला मिळतं.

थ्रेडिंग_मशीन

काम मिळेल म्हणून जाल तर हिरमोड होईल. ज्याला स्वतःलाच काम पुरत नाही तो तुम्हाला कुठून देणार? माझा फायदा साधा आहे, अवजारांचा.

माझ्याकडे पाइपला आटे पाडायचं, चार इंचापर्यंतचं थ्रेडिंग मशीन आहे आणि ते बरेच दिवस गोडाऊनमध्ये झाकून पडलेलं असतं. एका मित्राकडे काँक्रीटला गोल भोक पाडायचं कोअर कटिंगचं मशीन. दुसऱ्याकडे एसीतला वायू काढून घ्यायचं रिकव्हरी मशीन आणि दोन-स्टेजचा चांगला व्हॅक्युम पंप. तिघांनी तिन्ही विकत घेतली असती तर तिघांचेही पैसे गंजत बसले असते. आम्ही एकमेकांना देतो. ने-आण ज्याचं काम त्याने करायची, डाय आणि तेल वापरणाऱ्याचं, मोडलं तर दुरुस्तीही त्याचीच, आणि त्यावर वाद नाही. व्हॅक्युम पंप तेल बदलूनच परत यायला हवा. याबाबतीत आमचा एकजण इतका कडक आहे की पंप परत आला की मायक्रॉन गेज (व्हॅक्युम मोजायचं यंत्र) लावून बघतो. त्याचं बरोबरच आहे. लाइन ५०० मायक्रॉनच्या खाली न्यायची असते आणि ओल खाल्लेल्या तेलावर पंप दिवसभर नुसता घरघरत राहतो.

एसीत आर-३२ हा वायू आल्यापासून हे जास्तच उपयोगी पडलं. तो वायू सौम्य ज्वलनशील, ए२एल वर्गातला. आर-४१०ए या आधीच्या वायूसाठी वापरलेलं जुनं रिकव्हरी मशीन त्याला चालेलच असं नाही, त्या वर्गासाठी मान्य असलेलंच लागतं. ते आम्ही तिघांत मिळून घेतलं. कंपनीच्या ट्रेनिंगला आमच्यातला एकजण गेला आणि येऊन बाकी दोघांच्या फिटरना सुट्टीच्या दिवशी शिकवलं.

यापलीकडे मला काही अनुभव नाही. पण अवजार देताना कुठलं गुपित फुटत नाही, तेव्हा सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

जुना_फिटर

तुमची भीती खरी आहे. ती काढून टाकायच्या मागे लागू नका, माणूस निवडताना तीच कामाला लावा.

जरा बघा, तुम्हाला कामाबद्दल सल्ला कोण कोण देतं. डीलर देतो, त्याला मशीन विकायचंय, तेही महिनाअखेरीच्या आत. कन्सल्टंट देतो, पण त्याच्याच ड्रॉइंगमध्ये रिटर्नचा डक्ट बीममधून जातोय हे तो आपल्या तोंडाने कशाला म्हणेल. क्लायंटच्या इंजिनिअरला काम आजच्या आज हवं आणि वाढीव आयटम नको. आपला फिटर प्रामाणिक असतो, पण उद्या शिडीवर त्यालाच चढायचंय, त्यामुळे कमी चढावं लागेल अशी वाट त्याला आधी दिसते. मी स्वतः ती शिडी चढलोय म्हणून सांगतो. हिशेब बघणारा हुशार असतो, पण अमुक कामात बुडालात हे तो वर्ष संपल्यावर सांगतो. या सगळ्यांचं तुमच्या निर्णयात काही ना काही अडकलेलं आहे. त्यात त्यांची लबाडी नाही, जागाच तशी आहे.

ज्याला तुमचं काम आतून कळतं आणि ज्याचं तुमच्या निर्णयात काहीच अडकलेलं नाही, असा माणूस एकच असतो. दुसऱ्या भागातला किंवा दुसऱ्या प्रकारची कामं घेणारा, तुमच्याच आकाराचा कंत्राटदार. तो तुम्हाला काही विकत नाही आणि तुमच्याकडून काही घेतही नाही. एकाच टेंडरला तुमची गाठ पडायला लागली की त्याचा हा गुण गेला. मग तो कितीही जिवाभावाचा असो, दर आणि क्लायंट हे विषय त्याच्याशी बंद. बाकी गप्पा खुशाल मारा.

आता उपयोग कशात झाला ते सांगतो.

व्हीआरएफचं, म्हणजे बाहेरच्या एका युनिटवर आतली अनेक युनिट चालतात त्या एसीचं काम होतं. कॉपर लाइन पूर्ण झाली, गळती तपासायला दुपारी नायट्रोजन भरून ४० बारवर लॉक केली. पाइपवर ३६ अंश तापमान, ते शीटवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज ३८.४. क्लायंटचा इंजिनिअर म्हणाला गळती आहे, इन्सुलेशन फाडा, सगळे जॉइंट उघडे करा. फॉल्स सीलिंगवाले खाली सामान घेऊन उभे, त्यांचा मुकादम ओरडतोय, आर्किटेक्टचा फोन चालू. मी बाजूला जाऊन एका दोस्ताला फोन लावला. तो बराच लांब राहतो, आयुष्यात आमचं एक टेंडर सामाईक नसेल. त्याने पहिला प्रश्न विचारला, 'आत्ता पाइप किती अंशावर आहे?' २४. तो म्हणाला, 'मग बसून गुणाकार कर. गेजच्या ४० मध्ये वातावरणाचा एक मिळव, ४१. अंशांत २७३ मिळवून केल्विन कर: त्याला २९७ ने गुण, ३०९ ने भाग. ३९.४ आले. एक वजा कर.' ३८.४. बंद पाइपातला वायू बारा अंशांनी थंड झाला, दाब दीडेक बारने उतरला, बस्स. गळती नव्हतीच.

हे गणित शाळा-कॉलेजात झालेलं असतं, मलाही येत होतं. पण चारी बाजूंनी माणसं अंगावर आलेली असताना वही उघडून ते मांडायला कोणीतरी बाहेरचा लागतो. आणि खरी चीज पुढेच आहे. त्याने त्याची टेस्ट शीट पाठवली. भरतानाचा दाब आणि तापमान, तपासतानाचा दाब आणि तापमान, दुरुस्त केलेला दाब, दोन्ही बाजूंच्या सह्या. हा नमुना त्याने क्लायंटशी भांडून भांडून घडवलेला होता. मी तो इंजिनिअरपुढे ठेवला, दुपारपर्यंत थांबा म्हटलं. ऊन चढलं तसा काटा परत वर सरकला आणि सही झाली. एकही जॉइंट उघडला नाही. तो नमुना आता माझ्या प्रत्येक कामात असतो आणि माझ्याकडून पुढे आणखी काहीजणांकडे गेलाय.

दुसरा उपयोग हिशेबाचा, आणि माझ्या मते मोठा तोच. आम्ही पाचजण आहोत. ठरावीक काळाने बसतो आणि आपापले आकडे समोर ठेवतो. दर सांगत नाही, प्रमाण सांगतो. खर्चावर २५ टक्के चढवले म्हणजे विक्रीवर २० टक्के सुटतात, हे कागदावर सगळ्यांना पटतं. तरी दर भरताना निम्मे लोक २५ टक्के चढवून २५ टक्के सुटले असं धरून चालतात. विक्रीवर २५ हवे असतील तर खर्चाला ०.७५ ने भागायचं, म्हणजे चढवायचे ३३. आणि २० टक्के सुटत असताना क्लायंटच्या आग्रहाखातर १० टक्के सूट दिली की सुटणारे पैसे थेट निम्मे झाले. तेवढेच कमवायला तसलं दुसरं एक काम करावं लागेल. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात ना?

मग तासांचं. फिटरला आठ तासांचे पैसे देतो. त्यातले पाइपवर हात असलेले किती? गेटपास, सामानाची वाट, दुसऱ्या ट्रेडने अडवलेली जागा, साइट ते साइट प्रवास. समजा साडेपाच उरले, तर एस्टिमेटमध्ये तासाचा खर्च मजुरीच्या जवळजवळ दीडपट धरायला हवा. एकट्याने हिशेब करताना माणूस स्वतःलाच सवलत देतो, 'माझी माणसं तशी नाहीत' म्हणतो. पाचजणांनी आठवडाभर मोजून आणलं की तसं म्हणायला तोंड राहत नाही.

आणि रिटेन्शन. पाच ते दहा टक्के बिलातून अडकवून ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक. पण निव्वळ नफाच आठ टक्के आणि रिटेन्शन दहा, असं असेल तर काम चालू असतानाच काय, संपल्यावरही खिशात तूटच असते. तुमच्या पैशावर क्लायंटची इमारत उभी. आमच्यातल्या एकाची बँकेतली चणचण यातून निघाली. त्याला वाटत होतं काम कमी पडतंय. उलट काम वाढेल तशी त्याची तूट वाढत होती. हे डीलरला दिसलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं, कारण काम वाढलं की त्याचा माल खपतो.

डक्ट_आणि_दमछाक

जुना_फिटर साहेब, नायट्रोजनचं वाचून हसू आलं, आमच्याकडेही सकाळच्या गेजवरून असाच तमाशा होतो. शीटमध्ये तापमानाचा स्तंभ आजच घातला.

दोन प्रश्न. असे पाचजण शोधायचे कुठे? संघटनेच्या कार्यक्रमात तर सगळे माझ्याच भागातले भेटतात. आणि फिटर फोडण्याचं काय?

पंपरूम

मी प्लंबिंग, फायर आणि पंपांची कामं करते. शोधण्याबद्दल माझं सांगते.

सगळ्यात आधी तुमची जुनी कंपनी आठवा. तुमच्यासारखे आणखी काहीजण तिथून बाहेर पडून कुठे कुठे स्वतःचं करत असतील. त्यांच्या कामाची पद्धत तुम्हाला माहीत आहे, कोण रात्री थांबून काम संपवायचा आणि कोण सही करून निघून जायचा हेही माहीत आहे. ही ओळख कार्यक्रमातल्या कार्डापेक्षा कितीतरी पक्की. दुसरी जागा डीलरचं काउंटर. तिथे 'चांगला कंत्राटदार कोण' असं विचारू नका, सगळ्यांचीच नावं घेतील. 'वेळेवर पैसे देणारं कोण' असं विचारा. दोन-तीनच नावं निघतात आणि ती बहुतेक सरळ निघतात. तिसरी, आणि मला सर्वात लाभलेली, म्हणजे एकाच साइटवरचे दुसऱ्या ट्रेडचे लोक. इलेक्ट्रिकलवाला तुमच्याशी स्पर्धा करत नाही, पण क्लायंट तोच, पैसे देणारं टेबल तेच. कुठला क्लायंट शेवटचं बिल लटकवतो हे मला नेहमी इलेक्ट्रिकलवाल्या दादांकडून कळलंय, काम घ्यायच्या आधी. फक्त हे फोनवर बोलायचं आणि आपल्या वाट्याला जे आलं तेवढंच बोलायचं. ग्रुपवर 'अमुक बुडवा आहे' लिहिलं तर उद्या नोटीस तुमच्याच नावाने येईल.

फिटरबद्दल. आमच्यात नियम असा की एकमेकांच्या माणसाला आपणहून विचारायचं नाही. माणूस स्वतः चालत आला तर आधी त्याच्या मालकाला फोन करायचा. माणसाने कुठे काम करायचं हा त्याचा हक्क आहे, तेव्हा आम्ही कोणाला अडवत नाही, पण मालकाला दुसऱ्याकडून कळायला नको. आणि एक खरं बोलू? फिटर टिकतो तो पगार वेळेवर झाल्याने. ओळखी लपवल्याने टिकत नाही.

मला स्वतःला सर्वात मोठा उपयोग झाला तो वेगळाच. मी एकटी मालकीण. मध्यंतरी ऑपरेशनमुळे सक्तीने घरी होते. देखभालीचे करार चालू, बूस्टर पंप कधीही बंद पडणार, आणि क्लायंटला माझ्या पोटाशी काय देणंघेणं. एका सहकाऱ्याने माझे सगळे कॉल घेतले. हे आधीच लिहून ठरलेलं होतं, म्हणून निभावलं. क्लायंट माझाच राहील, त्याचा माणूस माझ्या कंपनीच्या नावाने जाईल, भेटीचे पैसे त्याचे, सुट्या भागांवरचे माझे, आणि पुढचे सहा महिने त्या क्लायंटला तो स्वतःचं कोटेशन देणार नाही. एका पानाचा कागद. त्याच्या मुलीच्या लग्नात मी त्याचे कॉल घेतले. मोठ्या कंपनीत एक आजारी पडला तर दुसरा असतो. एकट्याच्या कंपनीला तो दुसरा बाहेर उभा करून ठेवावा लागतो, आणि तो आजारपणाच्या आदल्या दिवशी मिळत नाही.

तांत्रिक मदतही होतेच. जन्मभर जीआय (जस्त चढवलेल्या पोलादी) पाइपमध्ये काम केलेली मी, पहिलं पीपीआरचं, म्हणजे प्लास्टिक पाइपचं, गरम पाण्याचं काम घेतलं तेव्हा सुरू करायच्या आधीच एकाला विचारलं. त्याने विचारलं, सरळ लाइन किती? वीस मीटर. पाणी किती तापणार? चाळीस अंशांनी. मग म्हणाला, 'ताई, जीआय एवढ्यात एक सेंटिमीटर वाढतो, साधा पीपीआर बारा.' साध्या पीपीआरचं प्रसरण मीटरला अंशामागे ०.१५ मिलिमीटर, पोलादाचं ०.०१२. मी जीआयच्या सवयीने क्लॅम्प मारले असते तर लाइन नागमोडी झाली असती. फायबर घातलेला पीपीआर पाइप घेतला, लूप दिले, कुठला क्लॅम्प घट्ट आणि कुठला सरकता ते त्याच्याकडून समजून घेतलं. कॅटलॉगमध्ये हे होतं का? होतं, मागच्या पानांत. पण कॅटलॉग उलटा प्रश्न विचारत नाही.

दर_पृथक्करण

मी एस्टिमेशनमध्ये आहे. सगळं छान चाललंय, पण इथे एक धोक्याची पाटी लावतो.

ओळखी वाढल्या की एक विनंती हमखास येते. 'मला हे काम घ्यायचंय, तू जरा वरचा दर भरून एक कोटेशन दे.' सपोर्ट कोटेशन म्हणा, डमी म्हणा. देणाऱ्याला वाटतं आपलं काय जातंय, आपल्याला ते काम नकोच होतं. ब्रिटनमध्ये बांधकाम क्षेत्रात हेच सर्रास चाललं होतं. काम नको, पण यादीतून नाव जायला नको, म्हणून प्रतिस्पर्ध्याला विचारून त्याच्या वरचा आकडा भरायचा. २००९ साली तिथल्या स्पर्धा नियामकाने १०३ कंपन्यांना मिळून १२.९२ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. अपिलात काहींचे दंड कमी झाले. अमेरिकेत संगनमताने दर भरणं हा १८९० च्या शर्मन कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बहुतेक देशांत असाच काहीतरी कायदा आहे आणि 'आम्ही छोटे आहोत' ही सबब त्यात बसत नाही.

त्यामुळे जुना_फिटर यांनी 'एकाच टेंडरला गाठ पडली की दर बंद' म्हटलंय ते मैत्री टिकवण्यापुरतं समजू नका. पुढच्या कामाचा दर, कोण कुठे भरणार, कोणी कुठला भाग सोडायचा, ही वाक्यं तुमच्या बैठकीत आली तर उठून जा. झालेल्या कामाचं प्रमाण, तास, वाया गेलेला माल, टेस्टचे नमुने, यावर हवं तेवढं बोला.

लोड_मोजणारा

मला थोडं उलटं म्हणायचंय. पाच अनुभवी माणसं एकत्र आली की चूकही पाचपट पक्की होते.

उदाहरण एसीचा लोड. इतक्या चौरस फुटाला एक टन, हा ठोकताळा कंत्राटदारांच्या गप्पांमधूनच पसरलाय आणि तो सगळे एकमेकांकडून खरा करून घेतात. काच कुठल्या दिशेला, छताला इन्सुलेशन आहे का, माणसं किती, बाहेरची ताजी हवा किती, काही विचारायचं नाही. मग सुरक्षित राहायला वर आणखी अर्धा टन. मशीन मोठं बसतं, खोली पटकन थंड होते, कंप्रेसर थांबतो, पुन्हा चालू होतो, आणि हवेतला दमटपणा काही जात नाही. क्लायंट म्हणतो गार आहे पण चिकट वाटतंय. यावर ग्रुपमध्ये विचारलं तर उत्तर काय येणार? 'आम्ही तर नेहमी असंच करतो.'

ज्याचा स्वार्थ नाही त्याचं उत्तर बरोबरच असतं असं नाही, एवढंच.

जुना_फिटर

लोड_मोजणारा, मुद्दा मान्य. आमच्याकडे त्यासाठी एक सवय लावून घेतलीय. कोणी काही छातीठोक सांगितलं की बाकीचे विचारतात, 'मोजलं कशाने?' ज्याने मायक्रॉन गेज, मॅनोमीटर किंवा क्लॅम्प मीटर लावून बघितलंय त्याचं ऐकायचं. ज्याने 'वीस वर्षं करतोय' म्हटलं त्याचं मनोरंजन म्हणून ऐकायचं. पंपाचं असंच झालं. एकजण म्हणे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावून काही फरक पडत नाही, वेग फक्त वीस टक्के कमी केला होता. नियमाप्रमाणे पॉवर वेगाच्या घनाने उतरते, ०.८ चा घन म्हणजे ०.५१, जवळपास निम्मी व्हायला हवी. त्याने क्लॅम्प मीटरने नुसते अँपिअर घेतले होते, आणि व्हॉल्व्ह अर्धा बंद. दोघे जाऊन व्हॉल्व्ह पूर्ण उघडून नीट किलोवॅट मोजून आले. त्याच्या बाजूनेही एक गोष्ट निघाली. पाणी बरंच वर चढवायचं होतं, आणि जिथे उंचीचा स्थिर हेड मोठा असतो तिथे घनाचा नियम तसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणजे दोघेही थोडे थोडे सुधारले.

ही पाचजणांच्या बैठकीची पद्धत माझी नव्हे. अमेरिकेत एअर कंडिशनिंगवाल्या कंत्राटदारांची एसीसीए म्हणून संघटना आहे, तिच्यात मिक्स ग्रुप नावाने हे कितीतरी वर्षं चालतं. वेगवेगळ्या बाजारपेठांतले, एकमेकांशी स्पर्धा नसलेले कंत्राटदार एकमेकांच्या ऑफिसात जाऊन हिशेब, गोडाऊन, गाड्या सगळं बघतात. आणि त्या मानाने ही हौस फार जुनी. तिथल्या वाफेच्या आणि गरम पाण्याच्या फिटिंगवाल्या कंत्राटदारांनी १८८९ मध्येच आपली संघटना काढली होती, आजची एमसीएए, म्हणजे तिथल्या मेकॅनिकल कंत्राटदारांची संघटना, तीच. आपल्याला एवढा पसारा नको. तीन माणसं पुरतात.

डक्ट_आणि_दमछाक

आभार सगळ्यांचे. पंपरूम ताई, तुमचा एका पानाचा कागद डोक्यात बसला. जुन्या कंपनीतले दोघेजण आठवले, दोघेही माझ्यापासून लांब. एकजण फक्त चिलर प्लांट (मोठ्या इमारतींसाठी पाणी थंड करणारी यंत्रणा) करतो, दुसरा हॉस्पिटलची कामं. एकाशी आत्ताच बोललो. त्याला पण तासांचं मोजायचं आहे, म्हणजे माझ्याइतकाच तोही अंधारात.

शेवटचं विचारतो. आम्ही तिघं पहिल्यांदा बसू तेव्हा समोर काय ठेवायचं? उगाच गप्पांत वेळ जायला नको.

जुना_फिटर

प्रत्येकाने संपलेलं एकच काम आणायचं. चालू काम नको, त्यात अजून आशा असते. क्लायंटचं नाव खोडा. आकडे टक्क्यांत ठेवा, एकूण रक्कम शंभर धरून.

आधी कोटेशन देताना काय धरलं होतं ते: माल, मजुरी, भाड्याची यंत्रं, वाहतूक, ऑफिसखर्च, नफा. त्याच्या शेजारी प्रत्यक्षात काय झालं. तिसऱ्या स्तंभात फरकाचं कारण, एका ओळीत, आणि तिथे 'क्लायंट वाईट होता' लिहायला मनाई. मग मजुरीचे धरलेले तास आणि लागलेले तास. वाढीव कामं किती झाली, त्यातली लेखी मंजुरी असलेली किती, बिलात लागली किती. काम संपल्यानंतर परत किती वेळा जावं लागलं आणि कशासाठी. शेवटी तारखा: शेवटचं बिल कधी दिलं, पैसे कधी आले, रिटेन्शन कधी सुटायला हवं होतं आणि सुटलं का.

वाढीव कामांच्या ओळीपाशी बहुधा बराच वेळ जाईल, तिथे घाई करू नका. आणि टेस्ट शीट, करार, मेजरमेंट बुक यांचे कोरे नमुने सगळ्यांनी आणा, जाताना बदलून न्या.

थ्रेडिंग_मशीन

चिलरवाल्या मित्राकडे हायड्रो टेस्टचा (पाइपात पाणी भरून दाब तपासायचा) मोटराइज्ड पंप आहे का तेही विचारून ठेवा. असणारच.